मनाच्या डॉक्टरचे काम कसे बदलले?

मानसोपचारतज्ज्ञ म्हटले की आपल्याकडे तीन चित्रे डोळ्यांसमोर येतात. पहिले, उंच भिंती आणि लोखंडी दार असलेल्या वेड्यांच्या इस्पितळाचे. दुसरे, सिनेमातल्या डॉक्टरचे. तो रुग्णाला शॉक तरी देतो, नाहीतर कोचावर झोपवून त्याच्या बालपणाच्या गोष्टी काढत बसतो. तिसरे चित्र त्या मानाने नवे: चिठ्ठीवर चार गोळ्या लिहून "पंधरा दिवसांनी या" म्हणणाऱ्या डॉक्टरचे. या तिन्ही चित्रांत कधी ना कधी थोडेफार तथ्य होते. पण तीच मनात धरून बसल्यामुळे माणसे दवाखान्याची पायरी चढायला उशीर करतात, आणि या आजारांत उशीर फार महाग पडतो.

तीस वर्षांपूर्वी मी या गावात दवाखाना थाटला, तेव्हा एका हितचिंतकाने सल्ला दिला होता, "डॉक्टर, पाटीवर मानसोपचारतज्ज्ञ लिहू नका, कोणी फिरकणार नाही. मेंदूचे डॉक्टर असे लिहा." पाटी मी बदलली नाही, पण त्या गृहस्थांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पहिली काही वर्षे बरेच रुग्ण दिवेलागणीनंतर, ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा बेताने यायचे. आज परीक्षेच्या ताणाने बेजार झालेला विद्यार्थी भरदिवसा येतो, बाळंतपणानंतर रडू आवरत नाही म्हणून नवऱ्यासोबत सून येते, विसर फार पडू लागला म्हणून आजोबांना घेऊन नातू येतो. रुग्ण बदलले, तसे डॉक्टरचे कामही बदलले. हा बदल नीट समजला तर कोणाकडे केव्हा जायचे आणि तिथे गेल्यावर काय मागायचे, हेही वाचकांच्या लक्षात येईल. म्हणून आजच्या लेखात तो विषय घेतला आहे.

भिंतीआडचे दिवस

इंग्रजांनी १९१२ साली वेड्यांविषयीचा एक कायदा केला होता. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये प्रत्यक्ष लागू होईपर्यंत तोच आपल्याकडे चालू होता. त्या जुन्या कायद्याचा सारा रोख समाजाला 'वेड्या'पासून जपण्यावर होता. रुग्णाला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायचे तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे, आणि बाहेर पडायचे तर पुन्हा कागदपत्रांचे सोपस्कार. अशा इस्पितळातला डॉक्टर निम्मा वैद्य आणि निम्मा तुरुंगाधिकारी होऊन बसे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. "याला आता ठाण्याला पाठवा", "येरवड्याला जागा आहे का बघा" ही थट्टा त्या जुन्या भीतीतूनच आपल्या बोलण्यात शिरली.

डॉक्टरच्या हाती तरी तेव्हा काय होते? विजेच्या झटक्याचा उपचार १९३८ मध्ये इटलीत सुरू झाला. ते सोडले तर गुंगी आणणारी औषधे आणि बंद खोली यापलीकडे फारसे काही नव्हते. रुग्ण आत गेला की वर्षानुवर्षे आतच राहायचा. घरचे लोक हळूहळू यायचे थांबायचे, आणि मग बरा झालेला माणूसही जायला घर नाही म्हणून तिथेच दिवस काढायचा.

अशा काळातही वेगळा विचार करणारे डॉक्टर आपल्याच देशात निघाले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहायला बोलावले. घरच्यांना दूर ठेवण्याची तेव्हाची रीत त्यांनी उलटी केली. नातेवाइकांनी रुग्णाला जेवू घालावे, त्याच्याशी बोलावे, आजार म्हणजे काय ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे, आणि बरे वाटताच त्याला घरी न्यावे, असा तो परिपाठ होता. घरचा माणूस हा उपचारातला भागीदार आहे, हे आज आम्ही पुस्तकातून शिकतो. ते त्या तंबूंनी आधीच दाखवून दिले होते.

गोळी आली आणि दार उघडले

खरा पालट औषधांनी झाला. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण दाखवला. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये डॉ. डिले आणि डॉ. डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध भास आणि भ्रम असलेल्या रुग्णांना देऊन पाहिले. पुढच्या चार-पाच वर्षांत स्वित्झर्लंडच्या डॉ. कून यांना नैराश्यावर इमिप्रामीन उपयोगी पडते असे आढळले. ज्याला कोंडून ठेवावे लागत होते, तो रुग्ण गोळी घेऊन घरी राहू शकेल, शेतात जाऊ शकेल, हे पहिल्यांदाच शक्य झाले.

त्याबरोबर डॉक्टरही भिंतीबाहेर आला. सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांचा विभाग असावा ही कल्पना आपल्याकडे तशी जुनी आहे. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात १९३३ मध्ये आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९३८ मध्ये असे काम सुरू झाले होते. पण औषधे हाती आल्यावर ते फोफावले. ज्या इमारतीत हाडाचा आणि डोळ्याचा डॉक्टर बसतो, तिथेच मनाचा डॉक्टर बसू लागला. रुग्णाला वेड्याच्या इस्पितळात गेल्याचा शिक्का बसेना.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोळी गुणकारी आहे हे दिसल्यावर गोळी हेच सर्वस्व होऊन बसण्याचा धोका निर्माण झाला. ओपीडीत शंभर रुग्ण रांगेत असले की एकेकाच्या वाट्याला पाच मिनिटेही येत नाहीत. झोप लागते का, भूक लागते का, गोळ्या चालू ठेवा, पुढचा. नवऱ्याच्या दारूने खंगलेल्या बाईला नैराश्याची गोळी द्यायची आणि नवऱ्याच्या दारूचे नावही काढायचे नाही, हा प्रकार म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रुग्णांची ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती रास्त आहे.

डॉक्टर मोजके, रुग्ण अमाप

आता जरा आकडे पाहू. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार असल्याचे आढळले. यातल्या बहुतेकांवर कसलेच उपचार चालू नव्हते. आजारानुसार उपचारांबाहेर राहिलेल्यांचे प्रमाण ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत होते. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या पाहिली तर मध्य प्रदेशात लाख लोकांमागे ०.०५ आणि केरळात १.२, अशी तफावत होती. म्हणजे केरळसारख्या पुढारलेल्या राज्यातही लाखाला जेमतेम एक डॉक्टर. उद्या साऱ्या वैद्यकीय महाविद्यालयांनी दुप्पट तज्ज्ञ घडवले, तरी प्रत्येक उदास माणसाला मानसोपचारतज्ज्ञाने स्वतः तपासायचे हे गणित जमणारे नाही.

हे गणित आपल्या देशातल्या काही डॉक्टरांच्या लवकर लक्षात आले. १९७५ च्या सुमारास चंडीगढच्या पीजीआय संस्थेने हरियाणातल्या रायपूर राणी भागात आणि निम्हान्सने बंगळूरजवळच्या सकलवाडा येथे खेड्यातच उपचार पोचवण्याचे प्रयोग केले. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी यांना शिकवायचे, सोपे रुग्ण त्यांनी पाहायचे आणि अवघड ते तज्ज्ञाकडे पाठवायचे, अशी ती रीत होती. त्यातूनच १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात तो जिल्हा पातळीवर करून पाहिल्यावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

शेजारच्या गोव्यातला अनुभव तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. तिथे 'संगत' या संस्थेने आरोग्याचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना समुपदेशनाचे प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसवले. रुग्णाला त्याचा त्रास समजावून सांगणे, श्वासाचे सोपे व्यायाम शिकवणे, घरच्या अडचणींतून मार्ग काढायला मदत करणे आणि गोळ्या चालू असतील तर त्या सोडू न देणे, ही त्यांची कामे. केंद्रातला डॉक्टर औषधे देई, आणि मानसोपचारतज्ज्ञ वरून देखरेख ठेवी व अवघड रुग्ण पाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत या पद्धतीने सहा महिन्यांत १०० पैकी सुमारे ६६ रुग्ण बरे झाले. नेहमीच्या पद्धतीने ते प्रमाण सुमारे ४३ होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत, 'विश्राम' नावाचा असाच प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी आधी १०० मध्ये जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर ते प्रमाण २७ वर गेले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या मुलुखात हा आकडा लहान नाही.

आणि पुण्याचे मुक्तांगण कोणाला ठाऊक नाही? १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात हे व्यसनमुक्ती केंद्र उभे करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे पुढे समुपदेशक झाली. ज्याने दारू सोडली आहे त्याचा शब्द दारुड्याला जसा पटतो, तसा माझ्यासारख्या पदवीधराचा पटत नाही. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणून, बरे करून, शेकडो मैलांवरच्या त्यांच्या घरी पोचवणारे डॉ. भरत वाटवानी यांचे कर्जतचे काम २०१८ च्या मॅगसेसे पुरस्कारामुळे सर्वदूर पोचले. तिथेही डॉक्टरचे काम गोळी देऊन संपत नाही. घराचे दार पुन्हा उघडेपर्यंत ते चालते.

थोडक्यात, एकट्याने सारे रुग्ण बरे करणारा डॉक्टर ही कल्पना मागे पडली आहे. आता तो एका गटाचा भाग आहे. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर त्याला प्रत्येक चेंडू स्वतः टाकायचा नाही, पण कोणी कुठे उभे राहायचे हे पाहायचे आहे.

मग मानसोपचारतज्ज्ञाने करायचे काय?

येथे एक घोटाळा आधी दूर करतो. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस झाल्यावर मनोविकारशास्त्राचे पुढील शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. तो औषधे देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ हा मानसशास्त्र शिकलेला असतो; तो चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो, पण औषधे लिहीत नाही. समुपदेशक अडचणीच्या काळात आधार देतो आणि मार्ग शोधायला मदत करतो. सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक घरची परिस्थिती, पुनर्वसन, सरकारी सवलती हे पाहतात. परिचारिका आणि गावातली आशाताई रुग्णावर लक्ष ठेवतात. प्रत्येकाचे काम वेगळे आहे, आणि कोणीही दुसऱ्यापेक्षा कमी नाही.

मानसोपचारतज्ज्ञाखेरीज दुसऱ्या कोणी करू नयेत, अशी काही कामे मात्र आजही आहेत.

पहिले काम निदानाचे. मनाचा वाटणारा त्रास पुष्कळदा शरीरातून आलेला असतो. थायरॉइड मंदावले तर माणूस उदास, सुस्त होतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर स्मरणशक्ती आणि मनःस्थिती बिघडू शकते. परवापर्यंत व्यवस्थित असलेल्या आजीबाई अचानक रात्री बडबड करू लागल्या, घरच्यांना ओळखेनाशा झाल्या, तर ते वेड समजू नये. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले मीठ कमी होणे अशी कारणे आधी शोधावी लागतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केली, दोन-तीन दिवसांत त्याचे हातपाय थरथरू लागले, भिंतीवर किडे-मुंग्या दिसू लागल्या, तर घरच्यांना करणीचा संशय येतो. खरे तर ती जिवावर बेतणारी अवस्था आहे आणि जागा आहे ती इस्पितळाची. मानसोपचारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर आहे, याचा उपयोग अशा वेळी होतो.

दुसरे काम औषधांचे. ती कधी सुरू करायची, किती द्यायची आणि, जे अधिक अवघड आहे, कधी कमी करायची. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातले त्याचे प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावे लागतात. क्लोझापीन देताना पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. भास-भ्रमावरच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. म्हणून पोटाचा घेर मोजणे हेही आता माझ्या कामात आले आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला औषध द्यायचे की नाही, हा निर्णयही तज्ज्ञानेच घ्यायचा असतो.

तिसरे काम, जिवाला धोका कितपत आहे हे ओळखण्याचे. "मला जगावेसे वाटत नाही" असे कोणी म्हणाले, तर त्यामागे किती वेदना आहे, काही बेत ठरला आहे का, घरात फवारणीचे औषध आहे का, हे शांतपणे विचारावे लागते. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार भरतो हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याने हलकेच वाटते.

चौथे काम शिकवण्याचे. पूर्वी हे काम मोठ्या शहरातल्या प्राध्यापकांचे समजले जाई. आता जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञाने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, आशाताईंना आणि शाळेच्या शिक्षकांना शिकवायचे असते. माझ्या मते आजच्या घडीला यापेक्षा मोलाचे काम नाही. मी दिवसाला तीस रुग्ण पाहीन. पण तीस आशाताईंना नैराश्य ओळखायला शिकवले तर तीस गावांत डोळे उघडे राहतील.

अर्थात, हे सारे कागदावर जितके सुबक दिसते तितके प्रत्यक्षात नसते, हे मी जाणून आहे. अनेक ठिकाणी डॉक्टर असतो तर मानसशास्त्रज्ञ नसतो, दोघे असतात तर औषधे संपलेली असतात. पण अमुक एक सेवा असायला हवी हे लोकांना ठाऊक असले, तरच ती नसल्याबद्दल ते विचारणा करतील.

कायद्याने खुर्ची सरकवली

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. पंचवीसहून अधिक माणसे जळून गेली. या घटनेने देश हादरला आणि मनोरुग्णांच्या हक्कांची चर्चा जोराने सुरू झाली. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि तो २०१८ मध्ये लागू झाला.

या कायद्याने डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले नाते बदलले. रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करण्यास मनाई आहे. अल्पवयीनांना तो पालकांची संमती आणि मंडळाची आगाऊ परवानगी असल्याखेरीज देता येत नाही. भूल देऊन केलेला हा उपचार तीव्र नैराश्यात आजही जीव वाचवतो. सिनेमात दाखवतात तशी ती शिक्षा नसते. आपण पुढे आजारी पडलो तर कोणते उपचार चालतील आणि कोणते नकोत, हे प्रौढ व्यक्तीला आधीच लिहून ठेवता येते, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्या प्रतिनिधीच्या अर्जावर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक जाणकार यांनी वेगवेगळे तपासल्यावर, प्रथम तीस दिवसांपर्यंतच दाखल करता येते. पूर्वी डॉक्टर म्हणेल ती पूर्व दिशा असे. आता त्याला आपला निर्णय समजावून सांगावा लागतो. काही डॉक्टरांना ही कटकट वाटते. मला विचाराल तर समजावून सांगितलेला उपचार रुग्ण अधिक काळ टिकवतो, हा माझा रोजचा अनुभव आहे.

आणखी तीन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. दारिद्र्यरेषेखालील आणि बेघर मनोरुग्णांना सरकारी संस्थांत मोफत उपचार मिळण्याचा हक्क आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच स्थान दिले पाहिजे, असे कायदा सांगतो. आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो, तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या गुन्ह्याचे जुने ३०९ कलम उरलेले नाही. इस्पितळात पोलिसांकडे नोंद होईल, पण त्या भीतीने विष घेतलेल्या माणसाला घरीच मिठाचे पाणी पाजत बसू नका. पहिला तास मोलाचा असतो. तडक इस्पितळ गाठा.

फोनवरचा डॉक्टर

करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, दूरध्वनी आणि व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याचे नियम देशात जाहीर झाले. याला कोणी उंटावरून शेळ्या हाकणे म्हणेल. पण जुन्या, स्थिरावलेल्या रुग्णाला दर महिन्याला शंभर किलोमीटरचा एसटी प्रवास करण्यापेक्षा हे बरे. नवा रुग्ण, हिंसक झालेला रुग्ण किंवा जिवाला धोका असलेला रुग्ण यांना मात्र समोरासमोरच तपासावे, असे माझे मत आहे.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. फोन आधी प्रशिक्षित समुपदेशक घेतो, गरज असल्यास पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. हा क्रमांक कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवण्यासारखा आहे.

कोणाकडे जावे?

परीक्षा, नोकरी, घरातले वाद, जवळच्याचा मृत्यू यांमुळे मन खचले असेल, पण झोप, भूक आणि रोजची कामे चालू असतील, तर समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञाकडून सुरुवात करण्यास हरकत नाही. खालीलपैकी काही आढळल्यास मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावे:

१) दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भूक उडणे, कामातून मन उठणे.
२) आत्महत्येचे विचार किंवा तसे बोलणे.
३) कानात आवाज येणे, विनाकारण संशय, एकट्याशीच बोलणे.
४) एकाएकी अतिउत्साह, झोपेची गरज न वाटणे, उधळपट्टी.
५) मंत्रचळ, म्हणजे पुन:पुन्हा हात धुणे, कुलूप तपासणे, यात दिवस जाणे.
६) बाळंतपणानंतर वागण्यात झालेला मोठा फरक.
७) दारू सोडायची आहे, पण सोडली की त्रास होतो.

तिसऱ्या प्रकारात विशेष घाई करावी. सतरा-अठरा ते पंचवीस या वयात सुरू होणाऱ्या अशा आजारात उपचारांविना जितका काळ जातो, तितके पुढे बरे होणे अवघड होते. देवाला जरूर जा, श्रद्धेचा आधार मोठा असतो. पण अंगारा आणि औषध यांत औषध मागे ठेवू नका.

डॉक्टरला हे विचारा

गेल्यावर गप्प बसून चिठ्ठी घेऊन येऊ नका. आजाराचे नाव काय? ही गोळी कशासाठी? गुण किती दिवसांत दिसेल? त्रास काय होऊ शकतो? किती काळ घ्यावी लागेल? गोळीखेरीज आणखी काय करायला हवे? हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

"गोळ्यांची सवय लागते का?" हा प्रश्न तर रोजचाच. नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी ओढ लागत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही निदान सहा महिने त्या घ्याव्या लागतात. त्या एकदम थांबवल्या तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र नक्की लागते. त्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नयेत.

पहिल्या भेटीला जाताना जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे आणि रुग्णाला जवळून ओळखणारी एक व्यक्ती सोबत न्यावी. रुग्णाला डॉक्टरशी थोडा वेळ एकट्याने बोलू द्यावे. आणि पहिल्या पाच मिनिटांत सारे सांगून झाले नाही, तर तसे स्पष्ट म्हणावे. आमच्या धंद्यात ऐकणे हाही उपचारच आहे. रांग कितीही मोठी असली तरी तो चुकवता येत नाही.